मार्गदर्शक की पाठराखीण?

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: 'लघुउद्योजक महिलांसाठी मार्गदर्शन आणि साहाय्य'. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, "आई, तू आयुष्यभर कांट शिकवलास, तुला यातलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. मी धंदा कधी केला नाही. एक तारखेला पगार यायचा, आता पेन्शन येते. पण निवृत्तीनंतर साताऱ्यातल्या एका छोट्या गटाबरोबर मी काम करायला लागले. महिन्यातले दोन शनिवार आम्ही एका शाळेच्या वर्गात बसतो. घरून काहीतरी करून विकणाऱ्या बायका तिथे येतात. मसाले, भाजणी, शिवणकाम, आरीवर्क, पोळी-भाजीचे डबे. मी गेले होते अर्ज भरून द्यायला, इंग्रजी येतं म्हणून. तिथे जे शिकले ते आज सांगणार आहे. त्यात माझी एक मोठी चूक आहे, ती आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच निघालं.

आमच्याकडे एक बाई यायच्या. वय चाळिशीच्या आसपास, हाताला चव उत्तम. भाजणी आणि मेतकूट करायच्या. मी पाकीट घेतलं की पैसे घ्यायला तयार नाहीत. "असू द्या हो मॅडम." एका वर्षी गणपती झाल्यावर एका मोठ्या दुकानानं त्यांच्याकडे दिवाळीसाठी २०० किलो चकलीची भाजणी मागितली. भाव १६० रुपये किलो, पैसे माल खपल्यावर. बाई मला विचारायला आल्या, "घेऊ का?" मी म्हटलं, "अहो, विचारता काय? अशी संधी परत येत नाही. घ्या!"

बघा, किती सोपं असतं. एक वाक्य बोलले आणि घरी येऊन जेवले.

त्यांनी वाण्याकडून धान्य उधार आणलं. शेजारच्या दोघींना रोजानं बोलावलं. रात्री अकरा-अकरापर्यंत भाजण्या भाजल्या. माल वेळेवर पोचला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली, पैसे नाहीत. दुकानदार म्हणे हिशोब व्हायचाय. फेब्रुवारीत पैसे आले ते ३० किलो माल परत करून, तोही मुदत संपत आलेला. मधल्या काळात वाणी दारात येऊन बसायला लागला, तेव्हा बाईंनी पाटल्या गहाण ठेवल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या शनिवारी यायच्या बंद झाल्या, एवढंच. दुसऱ्या एका बाईकडून मला कळलं.

आमच्या गटात एक मावशी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. तीस वर्षं खानावळ चालवली, सही करतात पण वाचायला फारसं येत नाही. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मला एकच विचारलं, "तिचं भाजणीचं गणित तुम्ही मांडलं व्हतं का?"

मांडलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी बसून मांडलं. तुम्हालाही सांगते, आकडे कळायला सोपे म्हणून थोडे गोल केलेत. दहा किलो भाजणीला धान्य-डाळी ९०० रुपयांच्या, दळण १००, पिशव्या ६०. झाले १,०६०. किलोला २०० रुपयांनी घरून विकली तर २,००० येतात. म्हणजे ९४० सुटले, असं बाई समजत होत्या, आणि मीही. मावशी म्हणाल्या, गॅस कुणाचा? घरचाच. तो ८० धरा. बाजारातून आणायला, पोचवायला रिक्षा? १२० धरा. दहातली एक किलो जाऊबाईला, शेजारणीला, मॅडमला फुकट जाते की नाही? (हशा) म्हणजे विकली नऊ किलो, १,८०० रुपये. खर्च १,२६०. राहिले ५४०. निवडणं, धुणं, वाळवणं, भाजणं, भरणं मिळून नऊ तास. तासाला ६० रुपये. हे झालं घरून विकताना. आता दुकानाचा १६० चा भाव लावा. दहा किलोचे १,६०० वजा १,२६०, राहिले ३४०. तासाला ३८ रुपयेसुद्धा नाहीत. तेही चार महिन्यांनी, आणि त्यातून दोघींचा रोज द्यायचा!

ही 'संधी' मी त्यांना घ्यायला लावली. पहिल्याच प्रश्नात मावशींना जे दिसलं ते पीएचडीला दिसलं नाही. का दिसलं नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझ्या डोक्यात 'मार्गदर्शन' म्हणजे प्रोत्साहन असं बसलं होतं. स्त्रियांना आत्मविश्वास नसतो, तो द्यायचा. पण त्या बाईंकडे आत्मविश्वास भरपूर होता. २०० किलो भाजणी भाजायला तयार होणं हा आत्मविश्वास नाही तर काय? कमी होतं ते दुसरंच. त्यांचे स्वतःचे तास, त्यांच्या स्वयंपाकघरातला गॅस, त्यांचं येणं-जाणं हे त्यांच्याच वहीत कुठे नव्हतं. घरकामाचा हिशोब कुणी करत नाही, आणि धंदा घरातच उभा राहिला की तोही त्या बिनहिशोबी कामात विरघळून जातो. पुरुष दुकान टाकतो तेव्हा शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ धंद्याचा असतो. बाईचा धंदा दूध उतू जाण्याच्या आणि मुलाची शाळा सुटण्याच्या मध्ये बसलेला असतो. तो मोजायचा कसा, हे शेजारी बसून कुणीतरी दाखवावं लागतं.

आता या शेजारी बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? हल्ली 'मेंटॉर' म्हणतात. शब्द ग्रीक आहे. होमरच्या 'ओडिसी'त मेंटॉर हा ओडिसियसचा म्हातारा मित्र. ओडिसियस युद्धावर जातो, घरदार याच्यावर सोपवतो. पण गंमत अशी, की त्याच्या मुलाला ऐनवेळी जो सल्ला मिळतो तो या म्हाताऱ्याचा नसतोच. अथेना देवी त्याचं रूप घेऊन आलेली असते. म्हणजे मूळ गोष्टीतसुद्धा काम बाईचं आणि नाव बाप्याचं! (हशा) आपण 'मार्गदर्शक' म्हणतो. पण मार्गदर्शक कोण? तिठ्यावर उभा राहून हात दाखवतो तो. मी तेच केलं. हात दाखवला आणि घरी गेले.

आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे, हल्ली ऐकू येत नाही. पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जायची तेव्हा तिच्या सोबत माहेरची कुणीतरी जायची, करवली म्हणा, आत्या म्हणा, एखादी म्हातारी म्हणा. ती काय करायची? नांदायचं तर नवरीनंच. पण चार दिवस ती पाठीशी असायची. घरातलं कोण कसं आहे ते बघायची, रात्री हळूच विचारायची, 'जेवलीस का पोटभर?' आणि चार दिवसांनी परत यायची. हे परत येणं महत्त्वाचं. राहिलीच तर दोन्ही घरांना जड.

मला वाटतं, आपल्याला हवी आहे ती ही पाठराखीण. माहिती कमी नाही हो. माहितीचे ढीग आहेत. एक-दोन उदाहरणं देते, उपयोगी पडतील. उद्यम नोंदणी घ्या. २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधार लागतं, एक पैसाही लागत नाही. तरी आमच्याकडे हजार-दीड हजार रुपये एजंटला देऊन आलेल्या बायका आहेत. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचा अर्ज करताना जिल्हा उद्योग केंद्रात सांगतात की ग्रामीण भागातल्या स्त्रीला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, शहरात २५ टक्के, स्वतःचे ५ टक्के घालायचे. बरोबर आहे. पण ते अनुदान हातात येत नाही! ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, तेही धंदा चालू असेल तर. हे आधी माहीत नसलेली बाई पहिल्या सहा महिन्यांतच अडकते, कारण तिनं ते पैसे खेळत्या भांडवलात धरलेले असतात. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथे राहून फुकट प्रशिक्षण मिळतं आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असा नियमच आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्या दोन वर्षांसाठी भांडा, असं मी सगळ्यांना सांगते.

आणि त्या २०० किलोंबद्दलचा कायदा. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. छोट्या उत्पादकाकडून माल घेतला की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. म्हणजे 'माल खपल्यावर पैसे' ही अट बाईंनी ऐकूनच घ्यायची नव्हती. पण तक्रार करायला उद्यम नोंदणीचा क्रमांक लागतो, आणि बाईंची नोंदणीच नव्हती. मी त्यांना ती करायला सांगितली नव्हती. मला तेव्हा हा कायदाच माहीत नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते त्यांच्या पाटल्यांना पुरलं असतं.

आता माझ्या विषयाकडे येते, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे. फार वेळ घेत नाही. सॉक्रेटिसची आई सुईण होती. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, मीही आईचाच धंदा करतो. मी ज्ञान देत नाही, दुसऱ्याच्या पोटातलं बाहेर यायला मदत करतो. हे सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, मीही पस्तीस वर्षं शिकवलं. पण त्याच उताऱ्यात तो सुईणींबद्दल आणखी काही सांगतो, ते आम्ही घाईत सोडून द्यायचो. तो म्हणतो, जी कधीच बाळंत झाली नाही तिला सुईण होता येत नाही, कारण अनुभवाशिवाय ही कला कळत नाही. आणि जिला अजून मुलं होतायत तीही हे काम करत नाही. जिचं वय उलटलंय तिनं करायचं.

मी हे मावशींकडे बघितलं तेव्हा मला नव्यानं कळलं. त्यांनी खानावळ चालवलेली आहे, आणि आता त्या खानावळ चालवत नाहीत. दोन्ही गोष्टी लागतात. बाजारात अजून उभी असलेली यशस्वी उद्योजिका व्यासपीठावरून भाषण छान देईल, पण आपला पिशवीवाला कोण, धान्य कुठून स्वस्त पडतं, हे ती शेजारच्या गल्लीतल्या भाजणीवालीला सांगेल का? का सांगावं तिनं? दोष देत नाही मी. आणि माझ्यासारखी, जिनं धंदा केलाच नाही, तिनं अर्ज भरावेत, कायदा वाचावा, पण 'घ्या' म्हणू नये. सॉक्रेटिस असंही म्हणतो की सुईणी उत्तम जोड्या जुळवतात, कुणाला कुणाकडे पाठवावं ते त्यांना कळतं. तेवढं काम मला जमतं. कुठल्या खिडकीवर कुणी जायचं, कुठला साहेब मंगळवारी असतो, हे मला आता पाठ आहे. आणि जे जन्मलंय ते जिवंत मूल आहे की नुसता भास, हे सांगायचं धैर्यही सुईणीला लागतं. मावशी सरळ सांगतात, "हे चालायचं नाय, बाई. दुसरं काय येतं तुला?" आम्ही शिकलेल्या बायका असं सांगायला घाबरतो. वाईट वाटेल म्हणून. आणि मग ते पाटल्यांवर जातं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या, महिनाभर उधारीवर. धान्य वाण्याकडून उधार, व्याज जबर, दागिने गहाण. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आणि पुढे कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवालीकडे बँकेला द्यायला तारण काहीच नसायचं. मग गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. सल्ला किती मिळाला ते जाऊ द्या, मी तुझ्यासाठी अंगठा देते असं म्हणणारी शेजारीण मिळाली.

माझ्या जिल्ह्यातलं उदाहरण माण तालुक्यातलं. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येक निरक्षर. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या लोकांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. पुढे त्यांनी बसमध्ये व्यवसाय-शाळा घातली आणि ती गावोगाव नेली. मला त्यातली अंगठ्याची गोष्ट फार आवडते. कार्डासाठी पिन द्यायचा घाट होता. बायका म्हणाल्या, पिन नको, पिन कुणीही काढून घेईल, अंगठा ठेवा. कुणीही म्हणजे कोण, ते सांगायची गरज नाही.

आमच्याकडे हा 'कुणीही' दर शनिवारी येतो. कर्ज बाईच्या नावावर, धंदा नवऱ्याचा, हप्ता चुकला की नोटीस बाईला. म्हणून आम्ही एक साधी गोष्ट करतो. अर्ज भरताना नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवतो, चहा देतो, पेपर देतो. (हशा) आणि आत बाईला विचारतो, अर्जावर मोबाइल नंबर कुणाचा घालायचा? ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? कित्येकदा या प्रश्नावर ती गप्प बसते. त्या दिवशी मग अर्ज भरायचा नाही. आधी तिच्या नावाचं सिमकार्ड. माझ्या मते कुठल्याही प्रशिक्षणाचा पहिला धडा हा असावा.

हो, विचारा. ... मागे ऐकू आलं नसेल, प्रश्न असा आहे की पाठराखीण बाईच हवी का, पुरुष चालत नाही का.

चालतो की. लिज्जत पापड घ्या. १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. त्यांच्या पाठीशी छगनबाप्पा, म्हणजे छगनलाल करमशी पारेख, होते. त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. बायका सुरुवातीला दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक जरा स्वस्तातला. ते म्हणाले, एकच प्रत ठेवा, उत्तम, आणि तिच्यात तडजोड नको. हिशोब चोख ठेवा. आणि देणगी मागू नका, हा धंदा आहे, धर्मादाय नाही. लाटणं मात्र त्यांनी हातात घेतलं नाही आणि मालकीही घेतली नाही. आज तिथे काम करणारी प्रत्येक बहीण भागीदार मानली जाते. तेव्हा पुरुष चालतो, फक्त परत जाणारा हवा.

परत जाण्याबद्दल आमच्यासारख्या गटांनाही बोललं पाहिजे. सरकारी आणि बिनसरकारी दोन्हीकडे 'लाभार्थी' हा शब्द चिकटला आहे. लाभार्थी संपल्या तर अहवालात काय लिहायचं? मग त्याच बाया, तीच प्रशिक्षणं, तोच समारोपाचा फोटो. माविमच्या सहयोगिनी गावागावात फिरतात, त्यांच्यातल्या चांगल्या बायका मी बघितल्यात. बचत गट स्वतःच्या पायावर उभा राहिला की त्या आपणहून मागे सरतात. त्यासाठी लोकसंचालित साधन केंद्रांसारखी रचना आहे, गटातल्याच बायकांनी पुढच्या गटांना सेवा द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. पैसे घ्यायचे, हे मला पटतं. फुकट सल्ल्याची किंमत मी बघितली आहे.

आता ती बाई. मी त्यांच्याकडे जायला वर्ष लावलं, लाज वाटत होती. शेवटी मावशींना घेऊन गेले. मी म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी तुम्हाला आकडे सांगितलेच कुठे होते?" खरंय, पण विचारायचं काम माझं होतं. मावशींनी तिथेच चटईवर बसून वही मागवली आणि एक नवं पान काढलं, तासांचं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मावशी जायच्या, मी कधीकधी. बाईंनी दुकानांना माल देणं बंद केलं. उद्यम नोंदणी झाली. घरून आणि आठवडी बाजारात विकतात, सणाला आगाऊ पैसे घेऊनच. धंदा फार मोठा झालेला नाही. पाटल्या मागच्या वर्षी सुटल्या. मावशी आता तिकडे जात नाहीत, गुडघे दुखतात असं सांगतात.

मागच्या महिन्यात मी गेले होते, मेतकूट घ्यायला. दोन पाकिटं घेतली आणि पर्स उघडली. पूर्वीच्या सवयीनं मी जरा थांबले. बाईंनी पाकिटावरची किंमत बघितली, दोनानं गुणली आणि हात पुढे केला.